पोलर लॉमध्ये शिरताय? मग 2048 चं प्रकरण आधी नीट समजून घ्या

ध्रुवीय पर्यावरणाच्या कायद्यावर थीसिस, पेपर नाहीतर मूट कोर्ट करायचं तुम्ही ठरवलं असेल, तर अंटार्क्टिक ट्रीटी 1959 ची आहे, 60 अंश दक्षिणेच्या खाली लागू होते, सात देशांचे जमिनीवरचे दावे चौथ्या कलमाने गोठवून ठेवलेत, हे सगळं तुम्हाला माहीतच असणार. ते परत सांगत बसत नाही. मला बोलायचंय त्या एका जागेबद्दल जिथे मी बराच काळ अडकून पडलो होतो आणि जिथे आजही नवीन माणूस हमखास अडकतो.

"2048 मध्ये ट्रीटी संपणार आणि मग अंटार्क्टिकात खाणकाम सुरू होणार." हे वाक्य तुम्ही बातम्यांत वाचलं असेल, व्हिडिओत ऐकलं असेल, एखाद्या प्राध्यापकांच्या लेक्चरमध्येसुद्धा ऐकलं असेल. ते चूक आहे. अर्धवट बरोबर वगैरे नाही, सरळ चूक. आणि त्यावर प्रपोजल उभं केलंत तर जाणकार परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत ते पाडतो, माझं तसंच पडलं होतं.

आता सावकाश बघू, कारण इथे घाई केली की परत तोच घोळ होतो. पहिली गोष्ट, मूळ ट्रीटीला एक्स्पायरी नाहीच. तिच्या बाराव्या कलमात 30 वर्षांनंतर आढावा परिषद मागायची सोय होती, म्हणजे 1991 पासून, पण ती कोणीच मागितली नाही आणि ट्रीटी चालूच राहिली. दुसरी गोष्ट, खाणकामावरची बंदी मूळ ट्रीटीत नाहीये, ती आहे 1991 च्या माद्रिद प्रोटोकॉलच्या, म्हणजे ट्रीटीला जोडलेल्या पर्यावरण संरक्षणाच्या कराराच्या, सातव्या कलमात. हा प्रोटोकॉल अमलात आला 14 जानेवारी 1998 ला, त्यात 50 मिळवले की 2048 येतं, आकडा आला तो इथून. पण 50 वर्षांनी होतं काय? पंचविसावं कलम म्हणतं की त्यानंतर कोणतीही कन्सल्टेटिव्ह पार्टी, म्हणजे ट्रीटीच्या बैठकांत निर्णयाचा अधिकार असलेला देश, आढावा परिषद मागू शकते. मागू शकते, बस एवढंच. आपोआप काहीच संपत नाही.

बरं, समजा मागितली कोणी. तिथे बदल मंजूर व्हायला सगळ्या सदस्य देशांचं बहुमत लागतं आणि त्या बहुमतात 1991 च्या वेळी जे 26 देश कन्सल्टेटिव्ह होते त्यांच्यातले तीन चतुर्थांश असावे लागतात. मंजूर झाला तरी तो लगेच लागू होत नाही. त्यासाठी त्या वेळच्या कन्सल्टेटिव्ह देशांपैकी तीन चतुर्थांशांनी तो रॅटिफाय करायचा, म्हणजे अधिकृतपणे स्वीकारायचा, आणि त्यात ते जुने 26 सगळेच्या सगळे आले पाहिजेत, एक जरी देश अडून बसला तरी बदल लटकला. वर खाणकामासाठी वेगळी अट आहेच, की खाणकाम चालेल का आणि कुठल्या अटींवर चालेल हे ठरवणारी बंधनकारक व्यवस्था आधी अमलात असल्याशिवाय बंदी उठत नाही.

एवढं वाचून बरेच जण उलट्या टोकाला जातात आणि लिहितात की काहीच धोका नाही. तेही नका करू. त्याच कलमाच्या शेवटी एक दार आहे: परिषदेत मंजूर झालेला बदल तीन वर्षांत अमलात आला नाही तर एखादा देश प्रोटोकॉलमधून बाहेर पडायची नोटीस देऊ शकतो आणि दोन वर्षांनी तो मोकळा होतो. मूळ ट्रीटीत तो तरीही असतोच, पण प्रोटोकॉल त्याच्यावर राहत नाही. खरी चर्चा करायची तर या दाराची करा, तारखेची नको. आणि अजून एक, 2048 च्या आधीसुद्धा सगळे कन्सल्टेटिव्ह देश एकमताने बदल करू शकतात, म्हणजे ती तारीख कुठली भिंतही नाही.

हे पंचविसावं कलम मूळ इंग्रजीत दीड-दोन पानांचंही नाही. तरी लोक त्याचा सारांश वाचतात, सारांशाचा सारांश वाचतात, आता तर एआयला विचारतात आणि ते सुद्धा कधीकधी तेच 2048 ठोकून देतं. माझं मत कडक आहे, या विषयात नोट्स वापरायच्याच नाहीत. ट्रीटी लहान आहे, एका बसण्यात वाचून होते. प्रोटोकॉलला अजून थोडा वेळ लागेल, त्याची सहा परिशिष्टं आहेत आणि जबाबदारीवरचं सहावं, 2005 सालचं, अजून अमलातच आलेलं नाही, हेही कितीतरी पेपरांत लोक विसरतात.

कलमं वाचून झाली की राजकारणाकडे या, कारण कायदा तिथेच अडतो. एरवी बैठकांत सगळं एकमतावर चालतं. समुद्री जीवांसाठीचा 1980 चा करार आहे ना, ऑस्ट्रेलियातल्या होबार्टमधून चालणारा सीसीएएमएलआर, त्याने 2016 मध्ये रॉस समुद्राचं साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र मंजूर केलं, तेही 35 वर्षांपुरतं, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं घासाघीस झाली. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव मात्र चीन आणि रशियाच्या विरोधामुळे अडकलेत. पण एकमत नेहमी वाईटच असंही नाही बरं का. 1988 मध्ये खाणकामाला नियमात बसवणारा एक करार तयार झाला होता, 1989 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स मागे हटले आणि तो तिथेच मेला, आणि त्याच पोकळीतून दोन वर्षांत माद्रिद प्रोटोकॉल आला. ज्या नियमामुळे आज संरक्षित क्षेत्र अडतं त्याच नियमाने तेव्हा खाणी अडवल्या. हे मनात पक्कं बसलं की विषय आवडायला लागतो, माझं तरी तसंच झालं.

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाबद्दल थोडक्यात. अंटार्क्टिकातल्या मोठ्या प्रकल्पाच्या मूल्यांकनाचा मसुदा इतर देशांना पाठवावा लागतो, प्रोटोकॉलची पर्यावरण संरक्षण समिती त्यावर मत देते, पण नाही म्हणायचा अधिकार तिला नाही, शेवटचा निर्णय तो देश स्वतःच घेतो. "समितीने परवानगी दिली" असं कुठेही लिहू नका.

आर्क्टिक हे पूर्ण वेगळं प्रकरण आहे. तो जमिनीने वेढलेला समुद्र, तिथे लोक राहतात, देशांचं सार्वभौमत्व आहे, त्यामुळे अंटार्क्टिकासारखी एक ट्रीटी तिथे शोधत बसू नका, ती नाहीये. समुद्र कायद्याच्या 1982 च्या कराराचं कलम 234 वाचा, बर्फाळ पाण्याबद्दलचं. आर्क्टिक कौन्सिल 1996 च्या ओटावा घोषणेतून आली, ती स्वतः कायदे करत नाही, तिथे आठ देशांबरोबर मूळनिवासींच्या सहा संघटना कायम सहभागी म्हणून बसतात. बाकी तुकड्या-तुकड्यांनी: ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठी 2017 पासून पोलर कोड नावाचे नियम, मध्य आर्क्टिक महासागरात व्यापारी मासेमारी थांबवणारा करार 2021 पासून, आणि जड इंधन तेलावरची बंदी 1 जुलै 2024 पासून, पण सवलतींची पळवाट 2029 पर्यंत, म्हणजे बंदीचा आनंद जरा जपूनच. दोन्ही ध्रुवांची तुलना करणारा थीसिस पहिल्याच वर्षी घेऊ नका. ऐकायला भारी वाटतो पण माणूस बुडतो त्यात.

गाइडबद्दल. मोठं नाव असलेल्या माणसामागे धावू नका. तुमच्या तळटीपा उघडून बघणारा गाइड मिळाला तर तो धरून ठेवा, त्याचा विषय नुसता समुद्र कायदा असला तरी चालेल, ध्रुव तुम्ही शिकून घ्याल. "हा टॉपिक ट्रेंडिंगमध्ये आहे" म्हणून विषय देणाऱ्यापासून मात्र लांब राहा.

नोकऱ्या कमी आहेत, हे गोड करून सांगणार नाही. ब्युनॉस आयर्सचं ट्रीटी सचिवालय छोटं आहे, होबार्टचंही फार मोठं नाही. पण हे कौशल्य वाया जात नाही, पोलर कोड येणाऱ्याला जहाज वाहतुकीत काम असतं, एकमताने चालणाऱ्या बैठका समजणाऱ्याची मंत्रालयांना आणि पर्यावरण संस्थांना गरज असते, आणि 2023 मध्ये मंजूर झालेल्या खुल्या समुद्राच्या करारामुळे नवे प्रश्न आलेतच. पहिल्या वर्षात काहीच डोक्यात शिरत नाहीये असं वाटलं तर घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं.

सुरुवात कुठून करायची तर एकच भांडण निवडा. उदाहरणार्थ एम्परर पेंग्विनला खास संरक्षित प्रजाती करायचा प्रस्ताव, ट्रीटी देशांच्या 2022 च्या बर्लिन बैठकीत बहुतेक देश तयार होते आणि चीनने अडवला. सचिवालयाच्या साइटवर प्रत्येक बैठकीचा अंतिम अहवाल फुकट आहे. बर्लिनचा उघडा, मग 2024 च्या कोची बैठकीचा, आणि दोन्हींत पेंग्विनवरचे परिच्छेद शेजारी ठेवून कोणत्या देशाने कोणता शब्द वापरलाय ते पेन घेऊन बघा.