चकतीवर नाव ठोकताना या चुका टाळा

धातूच्या पेंडंटवर पंचाने, म्हणजे टोकावर अक्षर कोरलेल्या पोलादी सळईने, नाव ठोकताना अक्षर अर्धवट उठलं की दोष हाताला दिला जातो आणि पुढचा घाव आणखी जोरात बसतो. चूक मात्र बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते. खालची बैठक डळमळीत असते, पत्रा कडक असतो किंवा शब्दाची जागा आखलेलीच नसते. जोर वाढवून यातलं काहीच सुटत नाही.

बैठक आणि घाव

नुसत्या लाकडी टेबलावर ठोकलं तर जोर टेबलच खातं. पंच उसळतो आणि अक्षराला सावली पडते, म्हणजे एकच अक्षर जरा सरकून दोनदा उमटतं. चकतीखाली कडक पोलादी ठोकळा हवा. साधारण १० सेंमी चौरस आणि २ सेंमी जाड पुरतो. कोल्हापुरात असाल तर तो बाहेरून मागवायची गरज नाही, शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून पोलादाचा तुकडा सरफेस ग्राइंडिंग करून, म्हणजे मशीनवर तोंड घासून सपाट करून घ्या. त्याखाली चपलेच्या तळाला वापरतात तसलं जाड कातडं टाका म्हणजे आवाज दबतो. ठोकळा बरोबर टेबलाच्या पायावर येऊ द्या आणि चकती टेपने चारी बाजूंनी घट्ट चिकटवा.

हातोडी अर्धा किलोच्या आसपास, पितळी तोंडाची असली तर उत्तम. पंच अंगठा आणि दोन बोटांत खाली धरायचा, उरलेली बोटं ठोकळ्यावर टेकवायची आणि एकच सरळ घाव घालायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण पोलादावर पोलाद आपटताना कपची उडू शकते. अक्षराभोवती पंचाच्या कडेची चौकट उमटत असेल, तर घाव जास्त होतोय.

एक बाजू उठली नसेल तर लगेच दुसरा घाव घालू नका. पंच हलक्या हाताने उमटलेल्या खाचेत फिरवा, तो बसला की हलायचा थांबतो. मग न उठलेल्या बाजूला किंचित कलता धरून हलका ठोका द्या.

पत्रा

१ मिमीच्या आसपासचा पत्रा घ्या. अर्ध्या मिमीचा पत्रा वाकतो आणि अक्षर पाठीमागून दिसतं. तांबं, ॲल्युमिनियम आणि नरम केलेली चांदी सहज घाव घेतात, पितळेला जास्त जोर लागतो. स्टेनलेस स्टीलवर साधे पंच वापरू नका, त्यांची धारच बसते. लाख भरलेल्या पोकळ मण्या-पानांवर ठसा मारला तर ती चेपतात. सोन्याचं पाणी दिलेल्या चकतीवर मारला तर खाचेत खालचा धातू उघडा पडू शकतो, म्हणून आधी ठोका, मग पाणी चढवा.

कोल्हापूरजवळच्या, चांदीकामाच्या हुपरीतल्या कारागिराकडून चांदीचा पत्रा आणला, तर तो नरम केलेला आहे का ते विचारा. लाटलेला पत्रा कडक असतो. तांबं-चांदी अंधाऱ्या जागी मंद लाल दिसेपर्यंत तापवून नरम करतात. ॲल्युमिनियमला ही खूण लागू नाही, कारण ते लाल न होताच ६६० अंशांना वितळतं. त्यावर अंगाच्या साबणाची रेघ ओढा आणि ती काळपट झाली की आच बंद करा.

देवनागरीची खरी अडचण

इंग्रजी अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, आपली वरच्या शिरोरेषेला लटकतात. त्यामुळे इंग्रजीच्या व्हिडिओत दाखवतात तसा टेप खाली लावला तर शिरोरेषा जिन्यासारखी वरखाली होते. टेपची सरळ कड शिरोरेषेच्या जागी, वरच्या बाजूला लावा आणि पंच वर सरकवत कडेला अडकेपर्यंत न्या. वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार टेप काढल्यावर.

जागा मोजताना अक्षरं मोजू नका, घरं मोजा. ‘किरण’मध्ये तीन अक्षरं आहेत, पण पहिल्या वेलांटीचा दांडा डावीकडे वेगळं घर घेतो, म्हणून घरं चार. ‘रमा’ला काना धरून तीन. २५ मिमीच्या गोल चकतीवर दोन्ही कडांना अडीच-अडीच मिमी सोडले तर मधोमध २० मिमी उरतात. प्रत्येक घराला ३ मिमी धरले की सहा घरं कशीबशी बसतात. सम घरं असतील तर मध्यरेषा दोन घरांच्या मधे येते. मधून सुरुवात करा आणि दोन्हीकडे जा, डावीकडून सुरू केलेला शब्द हमखास उजव्या कडेवर आदळतो.

दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढवायचा हट्ट नको. केसभर फट ठेवा आणि शेवटी बारीक छिन्नीने, स्टीलची पट्टी धरून, हलक्या ठोक्यांनी रेषा जोडून घ्या. ‘स्वरा’ किंवा ‘ज्ञानदा’ची ऑर्डर घेण्याआधी ते जोडाक्षर आपल्या सेटमध्ये आहे का ते बघा.

पंचाच्या तोंडावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे नजर फसते. प्रत्येक पंचाच्या आपल्याकडच्या बाजूला रंगाचा ठिपका द्या. इंग्रजीत एम-डब्ल्यू आणि एन-झेडचा घोळ नेहमीचा आहे. नाव आधी त्याच पत्र्याच्या भंगार तुकड्यावर ठोकून पाहा.

ठोकल्यानंतर

चकती वाटीसारखी झाली तर कातड्यावर पालथी घालून लाकडी मोगरीने सपाट करा, लोखंडी हातोडीने नाही. कडीचं भोक ठोकून झाल्यावर पाडा, नाहीतर शेजारच्या घावाने ते लांबट होतं. भोक आणि कड यांत २ मिमी धातू राहू द्या.

अक्षरं काळी करायला परमनंट मार्कर किंवा काळा इनॅमल रंग खाचेत भरा आणि पूर्ण सुकायच्या आत वरचा पुसून घ्या. चांदी आणि तांबं गंधकानेही काळं होतं. उकडलेल्या अंड्याच्या बलकाबरोबर बंद डब्यात ठेवलं तरी चालतं. ॲल्युमिनियमवर गंधक चालत नाही, तिथे रंगच.