एनडीपीएस खटल्यातील झडतीचे कागद कसे तपासावेत

अमली पदार्थांच्या खटल्यात दोषारोपपत्राची प्रत हाती आली की नवा वकील बहुधा आधी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल उघडतो. तो सर्वांत शेवटी वाचावा. १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा, कब्जा सिद्ध होताच कलम ३५ आणि ५४ अन्वये आरोपीविरुद्ध गृहीतके उभी करतो आणि माल व्यावसायिक प्रमाणातील असेल, म्हणजे गांजा २० किलोपेक्षा किंवा हेरॉईन २५० ग्रॅमपेक्षा अधिक असेल, तर कलम ३७ मुळे जामीनही दुरापास्त होतो. इतक्या कठोर कायद्यात झडतीवरील बंधने हाच आरोपीचा मुख्य आधार असतो. ती पाळली गेली की नाही, हे स्टेशन डायरी, नोटीस, पंचनामा आणि मुद्देमाल रजिस्टर यांतील वेळा एकमेकींशी ताडून पाहिल्यानेच कळते.

म्हणून प्रथम एका कागदावर सर्व घटना वेळेच्या क्रमाने उतरवाव्यात: बातमी केव्हा मिळाली, तिची नोंद केव्हा झाली, वरिष्ठांना केव्हा कळवले, पंच केव्हा आले, पथक केव्हा निघाले, नोटीस केव्हा दिली, पंचनामा केव्हा संपला, गुन्हा केव्हा दाखल झाला आणि माल मुद्देमाल कारकुनाकडे केव्हा जमा झाला. प्रत्येक वेळेपुढे ती कोणत्या कागदावरून घेतली तेही लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढची उलटतपासणी यातूनच निघते. गुन्हा पहाटे नोंदवला गेला असेल आणि आदल्या रात्रीच्या पंचनाम्यावर किंवा पाकिटांच्या लेबलांवर त्याच गुन्ह्याचा क्रमांक त्याच शाईने लिहिलेला असेल, तर तो कागद जागेवर तयार झाला की पोलीस ठाण्यात बसून, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

त्यानंतर झडती कोठे झाली ते ठरवावे. घर, गोदाम, वाहन किंवा बंदिस्त जागा असेल तर कलम ४२ लागू होते आणि सार्वजनिक जागा असेल तर कलम ४३. फिर्यादीत ‘सार्वजनिक रस्त्यावर’ असे शब्द दिसले म्हणून कलम ४२ सोडून देऊ नये, कारण रस्त्यावर उभे असलेले खासगी वाहन ही सार्वजनिक जागा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बूटा सिंग प्रकरणात म्हटले आहे. कलम ४२ प्रमाणे अधिकाऱ्याने मिळालेली बातमी लेखी उतरवावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत लगतच्या वरिष्ठाकडे पाठवावी लागते. सूर्यास्तानंतर वॉरंटाविना प्रवेश करायचा असेल, तर वॉरंट मिळेपर्यंत पुरावा दडवला जाईल किंवा आरोपी निसटेल असे का वाटले, याची कारणेही आधी नोंदवावी लागतात. करनैल सिंग प्रकरणात (२००९) घटनापीठाने भेद स्पष्ट केला: समाधानकारक खुलासा असलेला विलंब चालू शकतो, पण तरतुदीचे पालन मुळीच न होणे चालत नाही. त्यामुळे ‘उशीर झाला’ एवढ्या युक्तिवादावर थांबू नये. प्रत वरिष्ठांच्या कार्यालयात आवक झाल्याची नोंद मागवावी. ती नोंदच नसेल, तर मुद्दा विलंबाचा राहत नाही. झडती घेणारा अधिकारी स्वतः राजपत्रित असून कलम ४१ खाली कारवाई करत असेल, तर मात्र हा मार्ग बंद होतो.

सर्वाधिक वेळ कलम ५० ला द्यावा. अंगझडतीपूर्वी संशयिताला, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती घेतली जाण्याचा त्याला हक्क आहे, असे सांगणे बंधनकारक आहे. १९९९ मध्ये बलदेव सिंग आणि २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा या प्रकरणांत घटनापीठांनी हे ठरवले असून, दुसऱ्या निकालाने ढोबळ पालन पुरेसे नसल्याचेही स्पष्ट केले आहे. नोटिशीतील वाक्य शब्दन् शब्द वाचावे. ‘आपली इच्छा असल्यास अधिकाऱ्यास बोलावू’ असे विचारणे आणि ‘हा आपला कायदेशीर हक्क आहे’ असे सांगणे यांत फरक आहे आणि पुष्कळ छापील नमुन्यांत नेमका हाच फरक राहून गेलेला आढळतो. परमानंद प्रकरणात (२०१४) दोन आरोपींना एकत्र दिलेली सूचना अग्राह्य ठरली. पथकातील अधिकाऱ्याकडून झडती घेण्याचा तिसरा पर्याय पुढे करणेही चुकीचे ठरवण्यात आले, कारण कलमात तो पर्यायच नाही. आलेला राजपत्रित अधिकारी छाप्याच्या पथकातलाच होता का, नोटीस आरोपीला समजणाऱ्या भाषेत होती का आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घेतली का, हेही पाहावे.

पण या कलमाची मर्यादा ओळखली नाही तर सगळा बचाव वाया जातो. माल पिशवीत, बॅगेत किंवा गाडीत सापडला असेल, तर कलम ५० लागू होत नाही. पवन कुमार (२००५) आणि रंजन कुमार चड्ढा (२०२३) या निकालांनंतर याबाबत फारशी शंका उरलेली नाही. बॅगेतील मालासाठी कलम ५० वर उलटतपासणीचा दिवस घालवणारे वकील आजही दिसतात. त्यांनी तो वेळ सील आणि वजन यांवर खर्च करावा.

जप्तीनंतरच्या मालाचा प्रवास कलम ५२अ आणि ५५ यांवरून तपासावा. मोहनलाल प्रकरणापासून (२०१६) नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढण्यावर भर आहे आणि डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमांतही तेच सांगितले आहे. नमुना अफू, गांजा व चरस यांसाठी २४ ग्रॅमचा आणि इतर पदार्थांसाठी ५ ग्रॅमचा असावा लागतो. मात्र केवळ कलम ५२अ चे पालन झाले नाही म्हणून खटला कोसळत नाही, असे २०२५ मध्ये भारत आंबाळे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. म्हणून पंचनाम्यातील वजन, यादीतील वजन आणि प्रयोगशाळेने नोंदवलेले वजन शेजारी शेजारी मांडावे, वेष्टनासह वजन व निव्वळ वजन यांची सरमिसळ झाली आहे का ते पाहावे आणि सीलचा ठसा व पाकिटावरील खुणा जुळतात का ते तपासावे. ठोस तफावत दाखवता आली, तरच या मुद्द्याला धार येते. अटक व जप्तीबाबत वरिष्ठांना ४८ तासांत द्यायचा कलम ५७ चा अहवाल मार्गदर्शक स्वरूपाचा मानला जातो. त्यावर फार विसंबू नये.

१ जुलै २०२४ नंतरच्या झडतीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक आहे. चित्रफितीची मूळ प्रत आणि तिचे प्रमाणपत्र मागावे आणि चित्रीकरण नोटीस देण्यापासून सुरू होते की माल टेबलावर मांडल्यानंतर, हे घड्याळ लावून पाहावे. पंच ठरावीक असतील, म्हणजे त्याच पोलीस ठाण्याच्या अनेक पंचनाम्यांवर त्यांची नावे असतील, तर त्या पंचनाम्यांच्या प्रती आधीच मिळवाव्यात.

हे आक्षेप जामिनाच्या टप्प्यावर क्वचितच निर्णायक ठरतात. त्यांचा निवाडा पुराव्याअंती होतो. उलटतपासणीत ‘आपण कलम ५० चे पालन केले नाही ना?’ असे विचारू नये, कारण त्यातून साक्षीदाराला खुलासा करण्याची संधीच मिळते. मूळ रजिस्टर समोर ठेवून एकेक वेळ कबूल करून घ्यावी आणि विसंगती युक्तिवादासाठी राखून ठेवावी. मोबाइलचे लोकेशन आणि पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याचा अर्ज मात्र थांबवून ठेवू नये. परमवीर सिंग सैनी प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने असे चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष, जपण्यास सांगितले आहे. साक्षी सुरू होण्यास त्याहून अधिक काळ लागू शकतो, म्हणून हा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा.