माती शिकायला युरोपात येताय? आधी फावडं हातात घ्या

सेंद्रिय शेती आणि मृदा आरोग्य शिकायला दरवर्षी आपली मुलं युरोपात येतात. व्हिसा, विमा, खोली यांची माहिती विद्यापीठ नीट देतं, ती वाचा.

प्रबंधाचं मात्र पहिल्या हिवाळ्यातच मार्गदर्शकाशी बोलून ठरवा. जमीन गोठली की नमुने निघत नाहीत आणि पेरणीआधीचे नमुने हुकले की थेट पुढचा हंगाम.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वरच्या दहा सेंटिमीटरची माती तपासायची आणि 'नांगरट बंद केल्याने सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन) वाढला' असं लिहून मोकळं व्हायचं, हे मी वर्षानुवर्षं पाहतेय. नांगरट थांबली की काडीकचरा वरच राहतो, म्हणून वरच्या थरात कर्ब वाढतो. खाली तो घटलेलाही असू शकतो. किमान 30 सेंटिमीटरपर्यंत थराथराने नमुने घ्या आणि प्रत्येक थरात लोखंडी कडं ठोकून स्थूल घनता, म्हणजे ठरावीक आकारमानाच्या मातीचं कोरडं वजन, मोजा. कर्ब 1.5 टक्के, घनता घनसेंटिमीटरला 1.3 ग्रॅम, खोली 30 सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरी 58.5 टन. घनता 1.1 निघाली तर तोच हिशेब 49.5 टनांवर येतो. मोजलीच नसेल तर टनांत काहीच सांगता येत नाही, आणि मागाहून मोजून भागत नाही, कारण तोवर शेतात ट्रॅक्टर फिरलेला असतो. एका हुशार मुलीचं अख्खं सत्र यात गेलं. पाऊस असो, हात दुखोत, दर थराला कडं ठोकाच.

जमीन चुनखडीची असेल तर यंत्राने दिलेल्या एकूण कर्बात चुन्यातलाही कर्ब असतो. आम्लाचा थेंब टाकून बघा. फसफसलं तर तो वेगळा काढावा लागेल.

आपली मुलं प्रयोगशाळेत आणि संगणकावर तरबेज असतात, पण शेतात उतरायला कचरतात. याचं मला वाईट वाटतं. वाफसा असताना फावड्याने मातीचा चौकोनी ठोकळा उचला आणि हाताने हळूच फोडा. रवाळ कण सुटले, गांडुळांची बिळं दिसली तर उत्तम. धारदार कडांची ढेकळं निघाली, मुळं एका खोलीवर आडवी वळली, तर तिथे नांगराच्या तळाशी कडक थर बसलाय. इथले शेतकरी हे क्षणात ओळखतात आणि चुकलात तर तोंडावर सांगतात. त्यात राग नसतो, पुन्हा जा.

'ऑरगॅनिक' (सेंद्रिय) आणि 'रिजनरेटिव्ह' (मातीचा कस पुन्हा उभा करू पाहणारी) शेती एक समजू नका. युरोपीय संघात पहिल्याला कायद्याची व्याख्या आहे, हंगामी पिकांसाठी पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतर काळ, म्हणजे सेंद्रिय नियम पाळायचा पण माल सेंद्रिय म्हणून विकायचा नाही असा काळ, आहे. दुसऱ्याला तशी व्याख्या नाही. नांगर टाळणारे अनेकजण तणनाशक वापरतात, तर सेंद्रिय शेतकरी तणासाठी बहुधा मशागतीवर विसंबतो. खरा पेच हाच आहे, प्रबंधाचा विषय शोधायचा तर इथे शोधा. 'आपल्याकडे हे सगळं आधीपासून होतं' म्हणून वर्गात वाद घालण्यापेक्षा स्वित्झर्लंडमध्ये थेरविलला जा. तिथे 1978 पासून बायोडायनॅमिक (शेण-वनस्पतींची खास मिश्रणं वापरणारी सेंद्रिय शेतीची शाखा), सेंद्रिय आणि रासायनिक पद्धती शेजारी शेजारी चालू आहेत. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला तर 1843 पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे.

आणि घरच्या शेतातली माती बॅगेत टाकून आणू नका. युरोपीय संघात त्यावर बंदी आहे. संशोधनासाठी हवीच असेल तर विद्यापीठामार्फत आधी परवानगी काढा.