नोकरी गेल्यावर ईएसआयकडून बेरोजगारी भत्ता कसा मागावा

काम सुटले की पहिले आठ-दहा दिवस माणूस घरातही सांगत नाही. नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघतो, नाशिकच्या सातपूर नाहीतर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या ठेकेदारांकडे चौकशी करत फिरतो आणि पाळी सुटायच्या वेळी घरी परततो. मीही तसेच केले होते. पण नेमके याच दिवसांत कागदपत्रांची जी कामे सहज होऊ शकतात, ती नंतर अवघड होऊन बसतात. ज्यांच्या पगारातून दरमहा ईएसआय कापला जात होता, त्यांना नोकरी गेल्यानंतर काही काळ रोख साहाय्य मागण्याचा हक्क आहे, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही फार थोड्या कामगारांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकीही कित्येकांचे अर्ज लहानसहान चुकांमुळे अडतात.

या योजनेचे नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना असे असून ती कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे आपण ज्याला नुसते ईएसआय म्हणतो ते, १ जुलै २०१८ पासून चालवत आहे. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळत असे आणि त्यासाठी तीन महिने बेकार राहावे लागे. करोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ही रक्कम ५० टक्के करण्यात आली आणि नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी मागणी करता येऊ लागली. साहाय्य जास्तीत जास्त ९० दिवसांचे असते आणि ते आयुष्यात एकदाच मिळते. काही देशांत बेकारांना आठवड्याच्या आठवड्याला भत्ता मिळतो, तशी ही व्यवस्था नाही. बेकारीचे जे दिवस प्रत्यक्ष उलटून गेले आहेत, त्यांचेच पैसे मिळतात, पुढच्या दिवसांचे आगाऊ मागता येत नाहीत. योजनेची मुदत सरकार ठराविक काळासाठी वाढवत आले आहे, म्हणून अर्जापूर्वी आपल्या शाखा कार्यालयात किंवा १८००-११-२५२६ या निःशुल्क क्रमांकावर चालू मुदत आणि चालू नियम विचारून घ्यावेत.

पात्रतेच्या अटी ऐकायला किचकट वाटतात, पण बोटांवर मोजता येतात. नोकरी जाण्याच्या लगेच आधीची किमान दोन वर्षे तुम्ही विम्याखालच्या नोकरीत असायला हवे. ईएसआयचे वर्ष दोन अंशदान (म्हणजे विम्याच्या हप्त्याच्या) कालावधींत विभागलेले आहे, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. दोन वर्षांत असे चार कालावधी येतात. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असले पाहिजे, आणि उरलेल्या तीनपैकी कोणत्याही एका कालावधीत पुन्हा किमान ७८ दिवसांचे. महिन्याला २६ हजेऱ्या धरल्या, तर ७८ म्हणजे सरळ तीन महिने. ज्यांचा पगार ईएसआयच्या दरमहा २१,००० रुपयांच्या मर्यादेबाहेर गेल्यामुळे कपात आधीच बंद झाली होती, त्यांनी ही दोन वर्षांची अट आपल्याला लागू पडते का ते सर्वांत आधी तपासावे. अशांचे अर्ज बहुधा इथेच थांबतात.

आता सर्वांत महत्त्वाच्या कामाकडे वळतो. अर्ज भरायला बसण्याआधी आपल्या नावावर किती अंशदान जमा आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पगारपत्रकावर कपात दिसते, म्हणजे ती भरली गेलीच असेल असे गृहीत धरू नये. १४,६०० रुपये पगार असेल तर कामगाराच्या वाट्याचे ०.७५ टक्के म्हणजे ११० रुपये पत्रकात कापलेले दिसतात. मालकाचे ३.२५ टक्के त्यात मिळवून ती रक्कम तुमच्या विमा क्रमांकावर जमा झाली की नाही, हे मात्र महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारकाच्या लॉगइनमध्येच कळते. तिथे महिनावार दिवस आणि वेतन दिसते. त्या पानाची प्रत काढून ठेवावी आणि पगारपत्रके शेजारी ठेवून एकेक महिना ताडून पाहावा.

या लॉगइनपाशीच आपल्याकडचे पुष्कळ जण अडतात. भरतीच्या वेळी पाच-पंचवीस मुलांची नोंदणी एकदम उरकायची म्हणून ठेकेदाराचा माणूस सगळ्यांच्या नावापुढे स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकून मोकळा होतो. पुढे ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि काम सुटलेल्या कामगाराचा फोन तो उचलत नाही. अशा वेळी त्याच्या मागे धावण्यात दिवस घालवू नयेत. आधार कार्ड आणि ई-पहचान कार्ड (ईएसआयचे ओळखपत्र) घेऊन थेट आपल्या शाखा कार्यालयात जावे आणि मोबाइल क्रमांक बदलण्याचा लेखी अर्ज द्यावा. त्याच फेरीत आधार आणि बँक खाते आपल्या विमा क्रमांकाला जोडलेले आहे का, तेही विचारावे. भत्ता थेट बँक खात्यातच येतो, त्यामुळे ही जोडणी नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकून राहतात. नावाचेही पाहावे: आधारवर आडनाव शेवटी, बँकेत आधी आणि ईएसआयमध्ये वडिलांचे नावच गाळलेले, असा प्रकार दर दुसऱ्या माणसाचा असतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि ती मी स्वतः भोगली आहे. विमा क्रमांक दहा अंकी असतो आणि तो जन्मभर एकच राहिला पाहिजे. परंतु आपल्या वसाहतींत काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन त्याच माणसाला दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाखाली पुन्हा कामावर घेण्याची रीत आहे. नवा ठेकेदार जुना क्रमांक न विचारता नवाच काढतो. माझे काम एकाच शेडमध्ये, एकाच मशीनवर सलग चालू होते, पण नोंदीत मी दोन वेगळी माणसे होतो. शाखेत मला सांगण्यात आले की तुमची दोन वर्षे पुरी होत नाहीत. खिडकीवरच्या त्या वाक्याने माझे हातपाय गळाले होते. मग दोन्ही कार्डांच्या प्रती, दोन्हीकडची पगारपत्रके आणि आधार जोडून, दोन्ही क्रमांक एकाच व्यक्तीचे असल्याने ते एकत्र करावेत असा अर्ज मी दिला आणि त्याची पोच घेतली. त्यानंतर कित्येक फेऱ्या झाल्या, परंतु काम झाले. तुमच्याकडेही दोन पहचान कार्डे असतील, तर भत्त्याच्या अर्जाआधी हे प्रकरण मार्गी लावावे.

तिसरी गोष्ट राजीनाम्याची. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला, स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला, वयोमानाने निवृत्त होणाऱ्याला आणि शिस्तभंगाच्या कारवाईत काढून टाकलेल्याला हे साहाय्य मिळत नाही. मालकाने केलेली टाळेबंदी आणि बेकायदा ठरलेला संप यांतही ते मिळत नाही. त्यामुळे ‘हिशेब लगेच करून देतो, फक्त या कागदावर सही कर’ असे म्हणत पुढे सरकवलेल्या कागदावर नेमके काय लिहिले आहे, ते सहीआधी शब्दन् शब्द वाचावे. त्यावर ‘घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे’ अशा अर्थाचे वाक्य असेल आणि प्रत्यक्षात तुम्हाला काम नाही म्हणून कमी केले जात असेल, तर ती सही पुढे तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरते. मान खाली घालून उभ्या राहिलेल्या माणसाला त्या क्षणी नाही म्हणणे किती कठीण असते याची मला कल्पना आहे. तरीही कागद घरी नेऊन वाचतो, उद्या आणून देतो, एवढे तरी म्हणावे. कमी केल्याचे पत्र मागावे आणि ते मिळत नसेल, तर आपणच तारीख घालून तसा अर्ज व्यवस्थापनाला पाठवून त्याची प्रत जपून ठेवावी.

याच्याशी जोडलेली एक बारीक बाब बहुतेकांना माहीत नसते. मालक दरमहा अंशदानाचा तक्ता भरतो, तेव्हा ज्याचे दिवस शून्य झाले त्याच्यापुढे कारणाचा क्रमांक आणि, नोकरी संपली असेल तर, शेवटचा कामाचा दिवस टाकावा लागतो. २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे कामगार कपात, ११ म्हणजे काम नाही. घाईत किंवा सवयीने सगळ्यांनाच २ टाकले जाते, आणि काही ठिकाणी तर कारण न देता नुसते शून्य भरतात, म्हणजे नोंदीपुरते तुम्ही अजून नोकरीतच राहता. कारखान्याच्या कार्यालयात हिशेबाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीला विनंती करून, आपल्या नावापुढे खरे कारण आणि खरी तारीख गेली आहे का, हे विचारून घ्यावे. शेवटची तारीख बरोबर असणे फार गरजेचे आहे, कारण बेकारीचे ३० दिवस तिथूनच मोजले जातात.

रक्कम किती मिळेल, हे घरीच काढता येते. चारही अंशदान कालावधींतले एकूण वेतन घ्यावे, त्याला ७३० ने भागावे आणि येणाऱ्या आकड्याचे निम्मे करावे. दरमहा १४,६०० रुपये वेतन दोन्ही वर्षे सलग असेल, तर एकूण ३,५०,४०० रुपये होतात. भागिले ७३० म्हणजे रोजचे ४८० आणि त्याचे निम्मे २४०. आठवड्याचे १,६८० रुपये पडतात आणि पूर्ण ९० दिवसांचे २१,६००. पण मध्ये चार महिने ब्रेक असेल, तर वेतन वीस महिन्यांचेच धरले जाते आणि भागायचे मात्र ७३० नेच. मग एकूण २,९२,००० रुपये, रोजचे ४००, निम्मे २०० आणि ९० दिवसांचे १८,०००. एवढ्यात घर चालत नाही हे उघड आहे. खोलीचे भाडे, मुलांची फी आणि किराणा यांपैकी एखादी गोष्ट त्यातून सुटते, आणि तेवढ्यानेही उसनवारीचा पहिला टप्पा टळतो. शिवाय या साहाय्याच्या काळात ईएसआयचे वैद्यकीय उपचारही चालू राहतात. ज्यांच्या घरी साखरेची किंवा रक्तदाबाची औषधे सातपूरच्या ईएसआय रुग्णालयातून येतात, त्यांच्या दृष्टीने हा लाभ रोख रकमेइतकाच मोलाचा आहे.

प्रत्यक्ष अर्ज मग फारसा अवघड राहत नाही. महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगइन करून या योजनेचा दावा भरायचा असतो. त्यात बेकारीचा कालावधी टाकायचा आणि आधार व बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची स्कॅन केलेली प्रत जोडायची. पूर्वी वीस रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागे. कागदपत्रे ऑनलाइन जोडणाऱ्यांसाठी ती अट पुढे काढून टाकण्यात आली, तेव्हा बाहेर कोणी प्रतिज्ञापत्राच्या नावाखाली पैसे मागत असेल, तर आधी शाखेत खात्री करावी. ऑनलाइन कागद जोडले नसतील, तर अर्जाची छापील प्रत काढून, सही करून, कागदपत्रांसह शाखेत प्रत्यक्ष किंवा टपालाने द्यावी. मालकाच्या सहीची किंवा शिफारशीची गरज नाही, कारण दावा विमाधारकाने स्वतःच करायचा असतो. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘साहेब सही देत नाहीत’ म्हणून महिनोन्महिने अर्ज न करणारी माणसे मी पाहिली आहेत. सायबर कॅफेत अर्ज भरून घेत असाल, तर पासवर्ड तिथल्या वहीत लिहून देऊ नये आणि दाव्याचा क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये.

या ९० दिवसांच्या आत नवे काम लागले, तर त्या दिवसापासून साहाय्य थांबते आणि तसे कळवणे आपले कर्तव्य आहे. दोन ठिकाणी काम करत असाल आणि एकच सुटले असेल, तर तुम्ही बेकार धरले जात नाही. खोटी माहिती देऊन घेतलेल्या लाभासाठी कायद्यात शिक्षा आहे. रोजंदारीवर कुठे कामाला लागलात, तरी ते लपवू नये.

कारखानाच बंद पडला असेल किंवा रीतसर कामगार कपात झाली असेल, तर शाखेत राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी आधी करावी आणि मगच कोणता दावा भरायचा ते ठरवावे. ती २००५ पासून असून तिच्यात पहिले बारा महिने सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के मिळतात, म्हणजे लाभ कितीतरी मोठा आहे. सिन्नरकडच्या एखाद्या बंद युनिटमधल्या कामगाराने घाईने ९० दिवसांचा अर्ज भरून बसू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

पीएफची गोष्ट वेगळी. तो भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाचा विषय आहे आणि तिथला पैसा काढल्याने ईएसआयच्या दाव्याला बाधा येत नाही. फक्त पीएफमध्ये नोकरीची दहा वर्षे पुरी होत आली असतील, तर पेन्शनची रक्कम काढून टाकण्याऐवजी योजना प्रमाणपत्र (आतापर्यंतची नोकरी पुढच्या पेन्शनसाठी धरली जावी म्हणून मिळणारा कागद) घेण्याचा विचार करावा. थकलेला पगार मात्र ईएसआय किंवा पीएफ देऊ शकत नाही. त्यासाठी नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्यावी लागते.

दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागावे. ‘अंशदान कमी’ असे उत्तर आले आणि तुमच्या पगारपत्रकांत कपात दिसत असेल, तर दोष तुमचा नाही. ती पत्रके, हजेरी कार्ड आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे जोडून शाखा व्यवस्थापकांकडे तक्रार करावी, कारण कापलेले अंशदान भरणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ते वसूल करण्याचे अधिकार महामंडळाला आहेत. प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. पोचेवर शिक्का आणि तारीख हवी.

आणि नवे काम मिळाले की रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी, भरतीचा फॉर्म हातात येताच, जुना दहा अंकी विमा क्रमांक आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक आपल्या हाताने त्यावर लिहावा. त्या फॉर्मचा फोटो काढून ठेवावा.