बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाताना

सोमवारी उद्यान बंद, रविवारी तिकिटाला भली मोठी रांग. म्हणून मधला दिवस धरा आणि सकाळी ८ च्या सुमारास बोरिवली पूर्वेला उतरा. मुख्य दरवाजा चालत १५ मिनिटांवर. कान्हेरी लेणी तिथून ६-७ किलोमीटर आत आहेत, त्यांचं तिकीट वेगळं.

पावसाळ्यात लेण्यांच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. गुळगुळीत तळव्याची चप्पल तिथे हमखास घसरते, खाचांचे बूटच घाला. खाऊची पिशवी हातात लोंबकळली की माकडं ओढतातच. सॅकमध्ये टाकून चेन लावा. उद्यानातल्याच शिलोंड्याच्या पायवाटेसाठी आधी परवानगी काढा.

कुत्र्याला मात्र पट्टा लावूनही आणू नका. इथे बिबटे आहेत, कुत्रा त्यांचं भक्ष्य, आणि कुत्र्यांचे रोग वन्यप्राण्यांना लागतात.