१९३२ ची कराची–मुंबई टपालफेरी सिम्युलेटरवर कशी उडवावी

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ या छोट्या विमानातून कराचीचं टपाल अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. ही फेरी टायगर मॉथ विमानाने उडवा, असा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. त्याची टाकी १९ गॅलनची, पल्ला जेमतेम ४८० किलोमीटर. कराची–अहमदाबाद अंतरच ५९० आहे. पस मॉथ नसेल तर सेस्ना १७२ घ्या, वेग ८५ नॉटवर (ताशी सागरी मैल) धरा आणि जीपीएस बंद ठेवा.

निघायचं कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून, म्हणजे आजच्या फैसल हवाई तळावरून. हवामान हाताने भरा, नाहीतर आजचाच वारा मिळेल. उंची २,००० फूट, दिशा ११० अंश.

खरी परीक्षा कच्छच्या रणाची. १० नॉटचा आडवा वारा विमानाला जवळपास ७ अंश ढकलतो, आणि खाली पांढऱ्या मिठाशिवाय काही नसल्याने ते कळत नाही. म्हणून दिशेचा हिशेब रणाआधीच, सिंधू नदीवर मिटवा. साधारण ३५ मिनिटांनी नदी लागते. तेव्हा ठट्टा शहर डावीकडे ७ सागरी मैलांवर हवं. एक मैल इकडेतिकडे म्हणजे एक अंशाची चूक. चूक असेल त्याच्या दुप्पट अंश उलट्या बाजूला वळून पुढची ३५ मिनिटं उडा, मग निम्मी दुरुस्ती काढून घ्या.

त्यानंतर हात आवरा. रणातल्या प्रत्येक काळ्या डागाला बेट समजून वळलात की संपलं. होकायंत्र वाचायचं ते वेग स्थिर असतानाच. पूर्वेकडे जाताना थ्रॉटल वाढवलं की ते विमान उत्तरेला वळल्याचं दाखवतं, आणि नवखे तिथेच फसतात. सिंधूपासून सव्वा तासाने काळो डुंगर ही टेकडी उजवीकडे, पाच-सहा मैलांवर दिसायला हवा. डावीकडे दिसला तर तुम्ही दक्षिणेला घसरलात. पुढे पाव तासाने खडीर बेट थेट पोटाखाली येतं.

अहमदाबादसाठी मुद्दाम थोडं उत्तरेला रोख ठेवा. साबरमती दिसली की उजवीकडे वळून नदी धरा. शहर आपोआप येतं. तिथे इंधन भरा. तेव्हा ते बैलगाडीतून डब्यांत आलं होतं, तुम्हाला एक बटण पुरे.

पुढे मुंबईपर्यंत किनारा उजव्या हाताला ठेवायचा, बस्स.

उतरताना मात्र नीट बघा: समुद्राजवळची छोटी धावपट्टी जुहूची, तिच्या पूर्वेची मोठी सांताक्रूझची. १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ जेट विमान नेमकी उलटी गफलत करून जुहूला उतरलं आणि धावपट्टीबाहेर गेलं.