डेंग्यूच्या रुग्णयादीतून क्लस्टर कसा शोधायचा

नकाशावर ठिपके दाटले म्हणजे तिथे साथ आहे असं नव्हे. तिथे वस्तीच दाट असेल. वस्तीच्या मानानं रुग्ण खरंच जास्त आहेत का, म्हणजे क्लस्टर आहे का, हे सॅटस्कॅन या मोफत सॉफ्टवेअरनं तपासता येतं.

सगळ्यात जास्त वेळ पत्त्यांना द्या. यादीत पुष्कळदा रुग्णालयाचा किंवा लॅबचाच पत्ता पडलेला असतो. तो तसाच चढवला की रुग्णालयाभोवती खोटा क्लस्टर उभा राहतो. फोन करून राहता पत्ता घ्या. तारीखही ताप सुरू झाल्याची हवी. अहवाल गठ्ठ्यानं येतात, त्यामुळे अहवालाच्या तारखेवर नसलेली उसळी दिसते. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सच्या रकान्यात रेखांश जातो, सॅटस्कॅनला मात्र आधी अक्षांश लागतो. अदलाबदल झाली तर पुण्याचा रुग्ण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो. अंतरं मीटरमध्ये मोजायची तर पुण्याला यूटीएम (मीटरमधले निर्देशांक देणारी नकाशापद्धत) झोन ४३ उत्तर, नागपूरला ४४ उत्तर.

पॉयसन मॉडेल लोकसंख्येवरून अपेक्षित रुग्ण काढतं. त्याला तीन फाइली लागतात: रुग्ण, लोकसंख्या, स्थानं. अडचण लोकसंख्येचीच. २०११ च्या जनगणनेचे आकडे धरले तर नंतर टॉवर उभे राहिलेल्या प्रभागात दर फुगतो. असे आकडे भरवशाचे नसतील तर स्पेस-टाइम परम्युटेशन मॉडेल घ्या, ते रुग्णांच्याच तारखा आणि जागा अदलूनबदलून तुलना करतं. त्याला रुग्ण आणि स्थानं पुरतात. मात्र सगळ्या शहरात साथ एकदमच चढली तर त्याला काही दिसत नाही.

सॅटस्कॅन नकाशावर लहानमोठी वर्तुळं फिरवून आतले आणि बाहेरचे रुग्ण ताडून पाहतं. वर्तुळाची कमाल मर्यादा मुळात ५० टक्के लोकसंख्येची असते. डेंग्यूला ती फार मोठी: एडिस डास सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. घरांचे बिंदू असतील तर ५०० मीटर ते १ किलोमीटर त्रिज्या ठेवा. प्रभागांचे मध्यबिंदू असतील तर ही त्रिज्या निरुपयोगी, कारण वर्तुळात एकच प्रभाग येतो. तिथे १० टक्के लोकसंख्या धरा. कालखिडकी (रुग्ण एकत्र धरायचा जास्तीत जास्त कालावधी) २१ दिवसांची ठेवा, म्हणजे डासातला आणि माणसातला अधिशयन काळ (विषाणू शिरल्यावर वाढायला लागणारा वेळ) साधारण सामावतो. मॉन्टे कार्लो फेऱ्या (रुग्ण योगायोगानं विखरून केलेल्या तुलना) ९९९.

मर्यादा ५ आणि २५ टक्के करूनही चालवा. तिन्ही वेळा टिकलेल्या क्लस्टरवर आधी पथक पाठवा. पी (निव्वळ योगायोगानं इतका ठळक क्लस्टर दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली येईपर्यंत सेटिंग बदलत बसू नका. मर्यादा आधीच लिहून ठेवा आणि सगळे निकाल कळवा.

वर्तुळाची कड ही साथीची हद्द नव्हे, म्हणून पाण्याची पिंपं, कूलर, टायर तपासताना बाहेरच्या दोन-तीन गल्ल्याही घ्या. घरांचे बिंदू पथकापुरतेच ठेवा. जाहीर नकाशा प्रभागनिहाय द्या.